गणपतीला कुत्र्यासकट कोकणात कसं जावं? (रेल्वे, एसटी, लाँच, काहीही सुचवा)

मिरी
नमस्कार मंडळी. गणपतीला कुडाळला जायचंय. मी, नवरा, नववीतली मुलगी आणि भिकू. भिकू म्हणजे आमचा कुत्रा. अस्सल गावठी, २३ किलो, वय चार. इतकी वर्षं शेजारच्या काकूंकडे ठेवून जायचो, त्या आता लेकीकडे नाशिकला राहायला गेल्या. ठाण्यात बोर्डिंगवाले आहेत, पण गणपतीत त्यांचा भाव विचारूच नका. शिवाय तो तिथे जेवत नाही.

गाडी आहे, पण पनवेल मागे पडलं की याच्या तोंडाला फेस यायला लागतो आणि माणगावपर्यंत मागची सीट धुवायला झालेली असते. म्हणून सार्वजनिक वाहनाने कुणी कुत्रा नेला असेल तर खरा अनुभव सांगा. 'नियम वाचा' सांगू नका, नियम वाचलेत. प्रत्यक्षात काय होतं ते हवंय.

दगडफूल
शेवटच्या वाक्याला दाद. तरी जे वाचायला येतील त्यांच्यासाठी नियम थोडक्यात: रेल्वेत मोठा कुत्रा सोबत बसवायचा तर फक्त फर्स्ट एसी किंवा जुना फर्स्ट क्लास, तोही अख्खा कूपे (दोन बर्थ) किंवा अख्खी केबिन (चार बर्थ) तुमच्या नावावर असेल तर. टू टियर, थ्री टियर, चेअर कार, स्लीपर, जनरल यांत मनाई. पिल्लू टोपलीत असेल तर चालतं. नाहीतर गार्डाच्या डब्यातला डॉग बॉक्स.

टिकोजीराव
युधिष्ठिराला कुत्र्यासकट रथात घ्यायला इंद्राने नकार दिला होता. जगातला पहिला टीसी.

आबा_सातारकर
टिकोजीराव, पण धर्मराजाने वादच असा घातला की शेवटी कुत्र्याचं वेटिंग कन्फर्म झालं.

सुलभाताई
मिरी, मी आमच्या लॅब्रेडॉरला मुंबईहून नागपूरला नेलंय, विदर्भ एक्स्प्रेसने. सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, फर्स्ट एसीचं तिकीट काढताना कूपेची खात्री मिळत नाही. दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढायचं आणि मग विभागीय कार्यालयाच्या वाणिज्य शाखेत अर्ज द्यायचा, की सोबत कुत्रा आहे, कृपया कूपे द्यावा. पीएनआर, गाडी, तारीख, लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तो कागद पुढे तिकिटापेक्षा जास्त उपयोगी पडतो. एवढं करूनही कूपे मिळाला की नाही ते चार्ट लागल्यावरच कळतं. तोपर्यंत जीव टांगणीला.

चार्ट लागला आणि कूपे हातात आला की पार्सल ऑफिस. तिकीट, ओळखपत्र, लसीचं कार्ड आणि डॉक्टरांचा 'प्रवासाला तंदुरुस्त' असा ताजा दाखला. ताजा म्हणजे आदल्या दिवशीचा, मागच्या महिन्यातला नको. फॉर्मवर कुत्र्याचं नाव, जात, रंग, लिंग लिहायचं असतं. मग लगेजच्या दराने पावती फाडतात. फर्स्ट एसीत कुत्र्याचं ठरावीक वजन धरतात, त्यामुळे काट्यावर चढवायची वेळ आली नाही. पावती काही शे रुपयांची होती. खरा खर्च आपल्या दोन तिकिटांचा.

गाडीत मात्र राजेशाही. कूपेचं दार ओढून घेतलं की आपलंच राज्य. टीसी आले, पावती बघितली, 'चावत नाही ना?' विचारलं आणि जाताना स्वतःच त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. रेल्वेच्या चादरींवर त्याला बसू दिलं नाही, घरची सतरंजी नेली होती. इगतपुरीला खाली उतरवलं, पण फलाटावरच्या मंडळींनी आपल्या हद्दीत हा कोण आला म्हणून असा गलका केला की शू न करताच साहेब परत वर. शेवटी खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर काम झालं. अग्रलेखाचं पान होतं, असं आमच्या ह्यांचं म्हणणं.

मिरी
ताई, खूप आभार. पण आम्ही तिघं आहोत. कूपेत दोघंच ना?

दगडफूल
केबिन हवी तर चार तिकिटं काढावी लागतील, चौथं रिकाम्या बर्थचं. नाहीतर कूपेत दोघं आणि तिसरा माणूस थ्री टियरला.

टिकोजीराव
चौकोनी कुटुंबातला थ्री टियरला जाणारा सदस्य कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. मिरीताईंच्या नवऱ्याला आमच्या शुभेच्छा.

मालवणी_मसालो
आमकां जनरलात पाय ठेवक जागा गावना नाय आनि तुमचो कुत्रो फर्स्ट एसीतसून येतलो! येवा येवा. पण एक सांगतंय, गावातले कुत्रे तेका बघून काय आरती ओवाळूचे नाय. पयल्या दिसाक सोडू नका.

खडूस_प्रवासी
इथे सगळे श्वानप्रेमी जमलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग आला तरी हरकत नाही. माझ्या मुलीला पाच वर्षांची असताना कुत्रा चावला. आज ती सोळा वर्षांची आहे, तरी समोरून साखळीतला कुत्रा आला तर रस्ता ओलांडते. तिला तुम्ही 'काही करत नाही हो तो' म्हणून सांगणार? हे वाक्य चावणाऱ्या कुत्र्याचा मालकही म्हणत होता. ट्रेनमध्ये तर रस्ता ओलांडायची सोय नसते. माझ्या मते रेल्वेचा नियम योग्य आहे, उलट आणखी कडक असावा. ज्या कूपेत रात्रभर कुत्रा होता तिथे दुसऱ्या दिवशी दम्याचा पेशंट झोपला तर? डबा मधे नीट धुतला जातो का, हे कोण बघतं?

सुलभाताई
खडूसजी, मुलीच्या भीतीची थट्टा कुणीच करणार नाही. पण म्हणूनच तर बंद कूपे लागतो ना? तिथे तुमची मुलगी येणारच नाही. दम्याचा मुद्दा मात्र मान्य. म्हणूनच घरची सतरंजी.

रानवारा
खडूसरावांशी नियमाबाबत सहमत, पण वेगळ्या कारणाने अस्वस्थ आहे. नियम कुत्र्याला परवानगी देतो की मालकाच्या खिशाला? फर्स्ट एसी परवडणाऱ्याचा कुत्रा मालकाच्या पायाशी झोपून जाणार आणि बाकीच्यांचा लोखंडी खोक्यात. बदली झालेला पोलीस शिपाई, गावाकडे परत निघालेलं कुटुंब, यांनी कुत्र्याचं काय करायचं? आमच्या कॉलनीत दर जूनमध्ये दोन-तीन पाळलेले कुत्रे गेटापाशी दिसायला लागतात. गळ्यात पट्टा, मालक दुसऱ्या गावी. सोडून जाणाऱ्यांना शिव्या देणं सोपं आहे. पण नेण्याचा मार्ग काय, हे विचारलं की सगळे गप्प.

फिरस्ता
डॉग बॉक्सबद्दल कुणी लिहिलं नाही, मी लिहितो. वडिलांची नोकरी रेल्वेत होती, लहानपणी आमचा मोती त्यातून आलाय. गार्डाच्या (२०२२ पासून पदाचं नाव 'ट्रेन मॅनेजर') डब्यात एका अंगाला जाळीच्या दाराचा कप्पा असतो. पत्र्याचा. मे महिन्यात दुपारी त्यावर हात टेकवून बघा. आत कुत्रा उभा राहू शकतो, वळू शकतो, बाकी काही नाही. पाणी, खाणं सगळं मालकाने बघायचं. म्हणजे गाडी थांबली की आपल्या डब्यातून उतरून शेवटच्या डब्यापर्यंत पळायचं, पाणी पाजायचं आणि शिटी व्हायच्या आत परत. वडील दर मोठ्या स्टेशनवर हेच करत होते. मोती उतरला तेव्हा त्याचा आवाज बसला होता, इतका भुंकला होता रस्ताभर. थंडीत, कमी अंतरासाठी, शांत कुत्रा असेल तर ठीक. गणपतीत कोकणात, एवढ्या लांब? नको.

पम्या_जर्मनी
इथली पद्धत सांगतो. लहान कुत्रा पेटीत किंवा बॅगेत असेल तर फुकट. मांजराहून मोठा असेल तर अर्धं तिकीट, साखळी आणि तोंडाला मुस्कं सक्तीचं. मग कुठल्याही साध्या डब्यात बसा. गंमत अशी की मोठ्या माणसासोबत १४ वर्षांपर्यंतची पोरं फुकट जातात आणि कुत्र्याला मात्र तिकीट पडतं. माझ्या बायकोच्या मते वर्तणूक पाहता उलटं असायला हवं.

कुत्रे मात्र बघण्यासारखे वागतात. सीटखाली जाऊन पडतात, स्टेशन आलं की उठतात. आपल्याकडे सवय लावली तर आपलेही शिकतील.

लंडनचा_लंबू
इकडे ट्रेनमध्ये माणशी दोन कुत्रे फुकट. ट्यूबमध्येही चालतात, पण सरकत्या जिन्यावर कुत्र्याला उचलून घ्यायचं, नाहीतर पंजे अडकतात. आमचा आल्सेशियन ३४ किलो. लंडनमधल्या कुठल्या स्टेशनला साधे जिने आहेत याची यादी मला तोंडपाठ आहे.

आबा_सातारकर
आणि न्यूयॉर्कच्या सबवेत कुत्रा पिशवीत वा पेटीत हवा असा नियम आहे. तर लोक बाजाराच्या भल्यामोठ्या पिशवीला तळाशी चार भोकं पाडतात, त्यातून चार पाय बाहेर. कुत्रा चालतोय स्वतःच, पण कागदोपत्री पिशवीत. आपल्याला उगाच वाटतं की जुगाड आपलाच.

खडूस_प्रवासी
परदेशातली उदाहरणं द्यायची तर मुस्क्याचंही द्या. इथे मुस्कं बांधा म्हटलं की 'बिचारा' सुरू होतं.

पम्या_जर्मनी
खडूस, वर दिलंय की! मुस्कं सक्तीचं, असंच लिहिलंय. या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. जाळीचं मुस्कं असेल तर कुत्रा त्यातून पाणी पितो, जीभ बाहेर काढून धापा टाकू शकतो. कापडी पट्टीचं नको, त्यात गुदमरतो.

कानडी_जावई
कोकणात नाही, पण शेजारी बघा. कर्नाटकाच्या एसटीत पूर्वी कुत्र्याला मोठ्या माणसाचं पूर्ण तिकीट होतं. २०२२ च्या शेवटी ते अर्ध्यावर आणलं. साध्या गाड्यांत चालतं, एसी आणि स्लीपरमध्ये नाही. मांजर, ससा, पक्षी, पिल्लू यांना आणखी कमी. सासरी जाताना कंडक्टरने आमच्या राणीचं अर्धं तिकीट फाडून हातात दिलं तेव्हा मेहुणा म्हणाला, 'ही आता नागरिक झाली.'

घाटपांडे_नव्हे
आपल्या एसटीचं म्हणाल तर सगळं वाहकाच्या मूडवर. गावाकडच्या मुक्कामी गाडीत कोंबड्या, बोकड, पाट्या सगळं चढतं, तिथे सामानाचं तिकीट फाडून कुत्राही येतो. तेच शिवशाहीत बघा, दारातूनच 'ओ ताई, नाही हं'. गणपतीच्या जादा गाड्यांत तर माणसांनाच मांडीवर घ्यायची वेळ, कुत्रा कुठे ठेवणार?

प्राची_वसई
खाजगी ट्रॅव्हल्सचा अनुभव विचारत असाल तर आमचा वाईट. नाव लिहीत नाही. फोनवर 'आणा की मॅडम, डिकीत जागा आहे' म्हणाले. डिकीत! खाली, बॅगांसोबत, बंद. आम्ही उतरून आलो, पैसेही परत मिळाले नाहीत. कुणीही, काहीही सांगितलं तरी कुत्र्याला डिकीत घालू नका.

रानवारा
प्राची, बाप रे. डिकीत गुदमरला असता. १९७८ चे प्राणी वाहतुकीचे नियम आहेत आपल्याकडे, कुत्र्या-मांजरांचा त्यात वेगळा भाग आहे. डॉक्टरांचा दाखला हवा, निघण्याआधी खाणंपिणं झालेलं हवं, सगळं लिहिलंय. वाचतो कोण!

लोकल_ललना
मुंबईच्या लोकलचं कुणीच कसं लिहिलं नाही? भर दुपारी मालडब्यातून आमच्या सोन्याला परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं होतं. मासळीच्या रिकाम्या पाट्या, दुधाचे कॅन आणि मधे हा. पाटीला नाक लावून उभा, जणू स्वर्ग. कोळीण मावशी म्हणाल्या, 'याला माझ्याकडेच सोड, रोज नेईन.' दादरला पन्नास माणसं आत घुसली तरी सगळ्यांनी त्याच्यापुरती जागा ठेवली. प्रेमाने की भीतीने, कोण जाणे. संध्याकाळी सहाला हा प्रयोग करू नका. मेट्रोचं नावच काढू नका, गेटवरच परत पाठवतात.

टिकोजीराव
भटक्यांना मात्र सगळं माफ. इस्तंबूलमध्ये बोजी नावाचा भटका कुत्रा २०२१ मध्ये गाजला होता. मेट्रो, ट्राम, फेरी, सगळीकडे एकटाच फिरायचा. पालिकेने गळ्यात यंत्र बांधून बघितलं तर पठ्ठ्या दिवसाला तीस-तीस किलोमीटर जायचा. ना दाखला, ना पार्सल ऑफिस.

अलिबागचो_पांडू
धाग्यात लाँचचंही विचारलंय म्हणून: भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोत पाळीव प्राण्याचं वेगळं तिकीट काढून नेता येतं. वर डेकवर वाऱ्याला उभा केला की कुत्रा खूष. पण कुडाळला जायला त्याचा काय उपयोग? मांडव्याहून पुढे परत रस्ताच. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या फेरीबोटींचंही तेच. गाडीत बसलेल्या कुत्र्याला मधे जरा हवा खायला मिळते, एवढंच.

विमानवाला
आता विमानाचं राहिलं. अकासाने नोव्हेंबर २०२२ पासून केबिनमध्ये प्राणी न्यायला सुरुवात केली, एअर इंडियाही नेते. पण केबिनमध्ये वजनाची मर्यादा असते, पिंजऱ्यासकट. २३ किलोचा भिकू त्यात बसणार नाही, सामानाच्या कक्षात जाईल. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना तर तिथेही नाही, श्वासाचा त्रास होतो म्हणून. गणपतीतलं विमानभाडं बघता भिकूला न नेता भिकूसाठी फ्लॅट घेणं स्वस्त पडेल.

मिरी
किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी! फिरस्ता, मोतीचं वाचून डॉग बॉक्स बाद. एसटी बाद. प्राचीचं वाचून ट्रॅव्हल्स तर शंभर वेळा बाद. राहिला कूपे. पण आरक्षण उघडतं साठ दिवस आधी, सकाळी आठला, आणि गणपतीच्या तारखांना दोन मिनिटांत सगळं लाल. फर्स्ट एसी त्यातल्या त्यात मिळेल का?

दगडफूल
त्यातल्या त्यात हो, कारण भाडं बघून अर्धी माणसं तिथेच गळतात. कोकणकन्येला फर्स्ट एसीचा डबा आहे, रात्रीची गाडी, कुत्र्याची झोपायची वेळ. दोन सूचना. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशीचं बघू नका, तीन-चार दिवस आधीचं बघा, गर्दीही कमी. आणि ठाण्याला राहत असलात तरी चढा सीएसएमटीहून. ठाण्याला गाडी जेमतेम थांबते. तेवढ्यात सामान, मुलगी, कुत्रा आणि पार्सलची पावती यांचा मेळ बसायचा नाही. सीएसएमटीला गाडी लागल्यावर सावकाश चढता येतं.

सुलभाताई
दगडफूल यांना +१. आणि पावतीशिवाय नेऊच नका. बिनपावतीचा सापडला तर लगेजच्या दराच्या सहापट भरावे लागतात, शिवाय अख्ख्या डब्यासमोर शोभा.

खडूस_प्रवासी
आणि समजा कूपे मिळालाच नाही, केबिनमध्ये दोन अनोळखी माणसं आली तर?

सुलभाताई
मग नियमाने नाहीच, प्रत्यक्षात त्यांच्या मर्जीवर. त्यांनी हरकत घेतली तर कुत्र्याची रवानगी गार्डाच्या डब्यात, पैसे परत नाहीत. म्हणून पर्यायी व्यवस्था हवीच.

खडूस_प्रवासी
मी त्या केबिनमध्ये असतो तर हरकत घेतली असती. आधीच सांगून ठेवतो.

टिकोजीराव
मिरीताई, खडूसरावांची तारीख विचारून घ्या आणि ती सोडून कुठलीही काढा.

रानवारा
खडूसराव निदान तोंडावर सांगतात. 'आम्हाला कुत्रे खूप आवडतात हो, पण...' म्हणणाऱ्यांपेक्षा बरे. आणि माझा प्रश्न अजून तसाच आहे. एखाद्या डब्यात चार बर्थचा एक कप्पा जाळीचं दार लावून प्राणीवाल्यांसाठी ठेवायला काय हरकत आहे? थ्री टियरच्या भाड्यात, मुस्कं सक्तीचं, दाखला सक्तीचा. घाबरणाऱ्यांना आधीच माहीत असेल की तो कप्पा कुठे आहे, ते तिथलं तिकीट काढणार नाहीत.

खडूस_प्रवासी
डब्याच्या टोकाला, दाराजवळ असेल, मधल्या पॅसेजमधून न्यावं लागणार नसेल, तर माझी हरकत नाही.

आबा_सातारकर
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

मिरी
अपडेट. तिकिटं झाली! फर्स्ट एसीची दोन, एकाच पीएनआरवर, चतुर्थीच्या चार दिवस आधीची, आणि थ्री टियरचं एक. टिकोजीराव, तुमचा अंदाज चुकला, थ्री टियरला मी जाणार आहे. भिकूला लिफ्टमध्येसुद्धा बापाचाच पाय लागतो, आणि मला एक रात्र कुणी 'आई' न म्हणता झोपायला मिळेल. अर्ज देऊन पोच घेतली. चार्टमध्ये दगा झालाच तर प्लॅन बी म्हणून गाडी. डॉक्टरांनी उलटीसाठी गोळी लिहून दिलीय, आणि आधी तीन-चार रविवार छोट्या फेऱ्या मारून सवय करा म्हणालेत. कालच घोडबंदर रोडवर चाचणी झाली. गायमुखपर्यंत सीट कोरडी.

टिकोजीराव
थ्री टियरच्या प्रवाशाला माझ्या शुभेच्छा तशाच लागू राहतील, फक्त नाव बदलून घ्यावं.

मालवणी_मसालो
कुडाळाक उतारलास काय कळवा, आमचो रिक्षावालो आसा. तेच्या घराक तीन कुत्रे, तो काय नाय म्हणाचो नाय.

डॉ_गोचीड
(व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर, आयडी मुलाने दिलाय.) उशिरा आलो, पण प्रवासाच्या नादात एक गोष्ट सगळ्यांची राहिली. पावसाळ्यात कोकणात, शेताच्या बांधावर, साचलेल्या पाण्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो आणि शहरातला कुत्रा डबकं दिसलं की आधी तोंड घालतो. रेबीजसोबत वार्षिक एकत्रित लस झालीय का आणि तिच्यात लेप्टो आहे का, ते कार्डावर बघा. राहिली असेल तर आत्ताच द्या, निघायच्या आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही. गोचिडांची गोळीही निघण्याआधी. प्रवासाच्या दिवशी संध्याकाळचं जेवण निम्मं आणि लवकर. पाणी तोडू नका. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर, कारण आरतीच्या झांजा आणि फटाके सुरू झाले की नवख्या जागी कुत्रा दार उघडं दिसेल तिकडे पळतो. आरतीच्या वेळी त्याला माजघरात बांधा आणि घरातलं कुणीतरी एक जण सोबत बसा.

मिरी
डॉक्टर, कार्ड बघितलं. रेबीज झालंय, दुसरी लस मार्चमध्ये राहिली होती. उद्याच नेते. आणि माजघरात सोबत बसायला मुलगी एका पायावर तयार आहे, तिला आरतीतली शेवटची दोन कडवी येत नाहीत.